अंगणातला प्लग

आयटी पार्क आल्यापासून हडपसरला आमच्या भागातली वायरिंगची कामं एकच इलेक्ट्रिशियन करायचा. कानावर टेस्टर आणि तोंडात एकच वाक्य: "काही होत नाही हो, साहेब!" वॉशिंग मशीनसाठी त्याने घरातल्या बोर्डावरून वायर ओढून अंगणात प्लग बसवला. मी अर्थिंगचं विचारलं, तेव्हाही तेच उत्तर.

चारच दिवसांत आईला मशीनचा शॉक बसला आणि ती भिंतीवर आपटली. मी त्याला बोलावून घेतलं. रबरी चपला घातलेल्या त्या माणसाने मशीनवर हात ठेवला आणि तो हसला.

"बघा, मला कुठं बसतोय?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, चपला काढून मग हात ठेवा की!"

त्याने झटकन हात मागे घेतला. "अर्थिंगची वायर आणतो," म्हणाला.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं!