एकाचं डोकं, दुसऱ्याचं तोंड

बंदरावर त्यांना सगळे ताईच म्हणत. ठेकेदारही म्हणायचा, आणि वयाने त्यांच्याहून मोठे असलेले पाणबुडेही. जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचं आमचं काम. आम्ही पाण्याखाली ज्यातून श्वास घेतो ते रेग्युलेटर दुरुस्त करायचं काम त्यांचं. बावीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसल्या. पत्र्याची शेड, एक खिडकी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या काळ्या नळ्या. हातांना कायम सिलिकॉनच्या ग्रीसचा वास. घरी भात कालवतानासुद्धा तो जात नाही, असं त्या हसून सांगायच्या.

रेग्युलेटरचे दोन भाग असतात. टाकीवर बसतो त्याला आम्ही डोकं म्हणतो. टाकीतला प्रचंड दाब तो खाली आणतो. मग नळी, आणि नळीच्या टोकाला तोंड, जे आपण दातांत धरतो. आपण हवा ओढली की तोंडातली झडप उघडते, सोडली की मिटते. एका कंपनीचं डोकं आणि दुसरीचं तोंड जोडता येतं. बहुतेक वेळा आटे जुळतात, दाबही जुळवून घेता येतो. ताई त्यात वस्ताद होत्या. नवं सामान आणायचं म्हटलं की ठेकेदाराला कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमच्यापैकी निम्म्यांच्या छातीवर अशाच जोडण्या होत्या. आम्ही थट्टेने विचारायचो, "ताई, आज कोणाची सोयरीक जुळवलीत?"

"तुझी सोडून सगळ्यांची," त्या मान वर न करता म्हणायच्या.

त्यांचा सख्खा भाऊ आमच्यातच होता. त्याला सगळे धाकटा म्हणत. पाण्याखाली माझा जोडीदार तो. मी जहाजाच्या एका बाजूला, तो दुसऱ्या. आई गेल्यावर ताईंनीच त्याला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि मग स्वतः शेजारच्या गल्लीत एका खोलीत राहायला गेल्या. "नवरा-बायकोच्या मध्ये नणंद कशाला?" म्हणायच्या. भावजय मात्र रोज संध्याकाळी त्यांना चहाला बोलावून न्यायची.

त्या वर्षी ठेकेदाराने बंद पडलेल्या एका कंपनीचं सामान पोत्यांतून आणलं. त्यात तीन तोंडं निघाली, जुन्या घडणीची, कोणी फारशी न पाहिलेली. त्यांची डोकी नव्हती, माहितीपुस्तिकाही नव्हती. ताईंनी पुस्तिका मागितली.

"आटे बसतात ना?" ठेकेदार म्हणाला.

"बसतात."

"मग झालं की. तुमच्या हातात पुस्तिका आहे, ताई."

ताईंनी दुसऱ्या कंपनीच्या डोक्यांवर ती तोंडं चढवली, दाब मोजला, पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे पाहिले. सगळं ठीक होतं. नुसतं ठीक नाही, श्वास इतका हलका यायचा की आमच्यात भांडणं लागली. एक धाकट्याने पटकावलं, एक मी, एक आमच्यातल्या उंच पाणबुड्याने. "ताई, हे तोंडात असलं की पाण्यात आहे हेच विसरायला होतं," धाकटा म्हणाला होता. ताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं, ते मला पुढे फार वेळा आठवलं.

सात आठवडे काही झालं नाही.

त्या सकाळी जहाज मोठं होतं, बुड सपाट. तिथे वर पाहिलं तर पोलादच दिसतं. धाकटा पाणी आत घेणाऱ्या जाळीतले शिंपले काढत होता. बारीक कामाला तो श्वास धरून हात स्थिर ठेवायचा. ठरल्या वेळी दोरी ओढून करायची त्याची खूण आली नाही म्हणून मी पलीकडे गेलो. तो जाळीखाली तरंगत होता. रेग्युलेटर तोंडातून सुटला होता. मी त्याला ओढत बाहेर काढलं, वर आणलं. जेटीवर बराच वेळ छाती दाबली. उपयोग नव्हता.

चौकशी झाली. बंदराच्या अधिकाऱ्याने रेग्युलेटर टाकीला लावला, दहा-बारा श्वास घेतले. व्यवस्थित. टाकीत हवा अर्धी शिल्लक होती. मग माणूस मेला कसा? मला विचारलं, "घाबरला असेल का?" मी म्हणालो, "असेल." त्यांनी लिहिलं, मी सही केली. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि घरी जायचं होतं.

पंधरा दिवसांनी तो रेग्युलेटर पिशवीतून परत आला. ठेकेदाराने ताईंच्या टेबलावर ठेवला. "साहेबांनी चांगला आहे असं लिहून दिलंय. धुऊन पुसून कोणाला तरी द्या."

ताईंनी तो टाकीला लावला, दाबाचा काटा जोडला, चार श्वास घेतले. ठीक. मग तोंड हातात धरून त्या तशाच बसून राहिल्या. भावाने शेवटचं जे दातांत धरलं होतं त्या रबरावर त्याच्या दातांचे वळ होते. त्यांना ते खाली ठेववेना. नजर काट्यावर गेली तेव्हा तो नेहमीच्या साडेनवावरून अकरावर आला होता. मग तेरा. मग सोळा.

डोक्यातली झडप जिच्यावर टेकते ती बैठक झिजली की दाब असा चढत जातो. नेहमीचं तोंड अशा वेळी फुसफुसतं, हवा बाहेर टाकतं, माणसाला कळतं. हे फुसफुसलं नाही. ताईंनी ते दातांत धरलं आणि ओढलं. काही आलं नाही. पुन्हा ओढलं. भिंत ओढावी तसं.

या जुन्या तोंडाची झडप मूळ घडणीतच उलटी होती. दाब वाढला की उघडण्याऐवजी ती घट्ट मिटायची. अशा तोंडाच्या मूळ डोक्याला जादा दाब बाहेर सोडणारी छोटी झडप असणार. ताईंनी चढवलेल्या डोक्याला ती नव्हती. त्याच डोक्याला एखादं नेहमीचं राखीव तोंड जोडलेलं असतं तर त्यातून दाब निसटला असता. ठेकेदाराने राखीव तोंड कोणालाच दिलेलं नव्हतं. अधिकाऱ्याने भराभर श्वास घेतले, दाब चढायला वेळच मिळाला नाही. धाकट्याने श्वास धरला होता.

हे सगळं ताईंनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की कधी न धावलेली बाई जेटीवरून धावत येतेय. मी आणि उंच पाणबुड्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होतो. ताईंनी माझ्या तोंडातून रेग्युलेटर हिसकला. ओठ फाटला माझा.

"वर या. दोघंही. आधी वर या!"

वर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला घाबरलेला पाहिलंस तू?"

"नाही."

"मग सही कशी केलीस?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. तिन्ही तोंडं पिशवीत घालून त्या तशाच अधिकाऱ्याकडे गेल्या. मी मागून गेलो.

"जोडलं कोणी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी."

"ठेकेदाराने सांगितलं होतं?"

"आणून त्यांनी दिलं. हो मी म्हटलं."

मी माझी सही मागे घेतली. कागद बदलला. घाबरला हा शब्द खोडला गेला.

भावजयीला सांगायला ताई एकट्याच जाणार होत्या, पण ऐन वेळी मला बरोबर नेलं. भावजयीने सगळं ऐकून घेतलं. लोकांनी तिला इतके दिवस काय काय ऐकवलं होतं: घाबरट होता, घाई केली, अनुभव कमी पडला.

"ताई, मला दाखवा," ती म्हणाली.

"काय दाखवू?"

"त्याला काय झालं ते."

अधिकाऱ्याच्या परवानगीने, त्याच्याच टेबलावर, ताईंनी रेग्युलेटर टाकीला लावला. काटा चढेपर्यंत आम्ही उभे होतो. मग भावजयीने तो तोंडात धरला आणि ओढला. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तिने सोडला नाही. पुन्हा ओढला, आणि पुन्हा. ताईंनी तिचा हात धरला तेव्हा तिने तो झटकला. शेवटी तोंडातून काढून टेबलावर ठेवला आणि धापा टाकत म्हणाली, "असं होतं तर."

बाहेर आल्यावर ती ताईंना म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. पण आता चहाला बोलवायला मी येणार नाही. मला जमणार नाही."

"नको येऊस," ताई म्हणाल्या.

ताईंचा दुरुस्तीचा परवाना गेला. ठेकेदाराला नोटीस मिळाली. त्याने कंपनीचं नाव बदललं आणि दुसऱ्या बंदरात बस्तान हलवलं. आमचं काम दोन महिने बंद राहिलं. त्याबद्दल ताईंना शिव्या घालणारे पाणबुडे मी पाहिलेत. उंच पाणबुड्याही त्यांत होता.

परवा त्या बसथांब्यावर भेटल्या. पंपाच्या कारखान्यात खोकी भरतात. मी काहीतरी बोलायला गेलो, तर हात वर करून म्हणाल्या, "ते राहू दे. तू अजून उतरतोस का पाण्यात?"

"नाही. वर दोर धरतो."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. बस आली, चढल्या. जागा नव्हती, दांडा धरून उभ्या राहिल्या.