चाकामागचा माणूस

"तू दगड घेऊन मागं उभी राहा. तुमी डोंगरातली माणसं, गाडी सरकली तर उडी माराल."

शेठ हे हसत बोलला. सगळं गॅरेज हसलं. माझ्याच आयटीआयचा, माझ्याच बॅचचा पोरगा वर ट्रेलरच्या केबिनमध्ये ब्रेक दाबायला बसला होता. तोपण हसला.

पनवेलच्या त्या गॅरेजात आमी दोघं काम शिकायला लागलो होतो. न्हावा शेवा बंदरातले ट्रेलर यायचे. ब्रेक दुरुस्त झाला की गाडी समोरच्या उतारावर उभी करून तपासायची. ब्रेक लागला नाय तर चाकाखाली दगड सारायला मागं एक माणूस ठेवायचा. तो माणूस कायम आमच्या कातकरवाडीचा. चाकाला लावायचे ठोकळे होते, पण ते ऑफिसचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावलेले.

नेऱ्याकडच्या आमच्या वाडीत आयटीआय शिकणारी मी पहिली. त्या दिवशी ब्रेकपण मीच दुरुस्त केलेला. वर्गात शिकवलं होतं, गाडीमागं माणूस उभा करायचा नाय. माणूस कोणाला म्हणायचं, ते शिकवायचं राहून गेलं वाटतं.

मी दगड खाली टाकला. "शेठ, ठोकळे लावा. मी नाय उभी राहणार."

"मग घरी जा. तुझ्यासारखे छप्पन मिळतात."

घरी बापूस बोलला, "दगूड धराया तुजं काय जातंय?" वीटभट्टीवर ज्याची पाठ गेली, तोच हे बोलला. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता, मला परत कामावर घ्या म्हणून शेठच्या पाया पडायला गेला. मी मागनं पोचले. बघते तर माझ्या जागी चाकामागं बापूस, दगड छातीशी धरून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दगड हिसकून चाकाखाली घातला, त्याला हाताला धरून बाहेर ओढला.

"चारचौघांत लाज काढलीस माजी," एवढंच बोलला. अजून माझ्याशी धड बोलत नाय.

आयटीआयचे सर म्हणाले, जरा सांभाळून घ्यायचं होतंस. काम शिकल्याचा दाखला अडकला. तिथं चाकामागं आता वाडीतलाच दुसरा कोणीतरी उभा असतो. पोट कोणाला चुकलंय?

मी गॅरेजं धुंडाळते. काम मागायच्या आदी सांगते, गाडीखाली जाईन, ऑइलात लोळेन, पण चाकामागं उभी राहणार नाय. माझ्यासमोर दुसऱ्यालाही उभा करू देणार नाय. ऐकलं की तोंड फिरवतात. फिरवू देत. पुढच्या दारातपण मी पयलं हेच बोलणार.