तिसऱ्या पॉलीहाऊसचे पंखे

छिउ-यिंगला पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी मी दाजींना सांगितलं, ही बाई भांडकुदळ आहे, हिला सोडू नका. सर्व्हर बघायला येणारी आधीची माणसं दाजी म्हणतील त्याला माना डोलवायची. हिनं आल्या आल्या विचारलं, यंत्रावर ओला टॉवेल कोणी वाळत घातला? चाळिशीची, ठेंगणी, केस बारीक कापलेले. नवऱ्याचं तैनान शहरात चहाचं दुकान, आणि ही स्कूटरवरून गावोगावच्या कारखान्यांतले सर्व्हर सांभाळत फिरते. जेवायला थांब म्हटलं तर थांबते आणि मीठ कमी असेल तर तोंडावर सांगते. सर्व्हरच्या कपाटावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट आम्ही सगळेच ठेवतो, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. त्याची तारीख मात्र ती सगळ्यात आधी बघते. मुदत संपलेलं पाकीट यंत्राला चालत नाही, यावर तिचा माझ्याइतकाच विश्वास आहे.

दाजींचा धंदा ऑर्किडचा. होउबी गावात चार पॉलीहाऊस आहेत, त्यातलं तिसरं माझ्या थोरल्या बहिणीचं. अक्कानं हयात घालवून एक जात तयार केली, पांढऱ्या फुलाची, आतली जीभ जांभळट. नाव ठेवायच्या आधीच ती गेली. तिच्या हातची मूळ झाडं तेवढ्या एका ठिकाणी आहेत, बाकी जगात कुठेही नाहीत. आणि तिथले पंखे, पाण्याचे पडदे, सगळं त्या सर्व्हरच्या हवाली. दाजींच्या मुलानं ताइपेहून येऊन नवी वायरिंग केली तेव्हा हाताची बटणं काढूनच टाकली. शिकलेली माणसं घरात फार झाली की असं होतं. ऑगस्टच्या उन्हात पंखे थांबले तर झाडं अर्ध्या तासात उकडून निघतात.

आता मुळातली चूक कुठे झाली ते सांगते. चांद्र पंचांगातला सातवा महिना भुतांचा. त्यात आमच्याकडे लग्न नाही, नवं घर नाही, कुठलं यंत्र उघडणं नाही. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी चालतो तो मदरबोर्डातला प्रोग्राम, त्याला बायोस म्हणतात. त्याची नवी आवृत्ती आली होती आणि ती घालायलाच हवी, असं मुलानं फोनवरून सांगितलं. छिउ-यिंग म्हणाली, बरं चाललंय, हात लावू नका, निदान आधी बोर्डाच्या कंपनीला विचारू दे. दाजींना दम कुठला? महिना लागायच्या आत उरकून टाक, म्हणून रोज फोन. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. शेवटी तिनं उरकलं. आयुष्यात एकदाच तिनं दुसऱ्याचं ऐकलं असेल, आणि तेच भोवलं. तेव्हापासून सर्व्हर मधूनच गोठायला लागला. बंद करून चालू केला की काही तास ठीक, मग पुन्हा तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

जुनी बायोस परत घालणं एवढाच उपाय, असं ती म्हणाली. पण आता ती घाई करेना. बोर्ड उघडून त्यावर छापलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, त्याच नंबरची जुनी फाईल मिळवली, ती वाटेत कुठे खराब झालेली नाही हे तपासलं. सगळी माहिती वेगळ्या डिस्कवर उतरवली, सेटिंगचं पान न् पान मोबाईलवर टिपून ठेवलं. कंपनीला विचारलं, मागे जाता येतं का? उत्तर आलं, येतं, पण सगळी सेटिंग पुसली जातील, आणि काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड संपला. मग तिनं ठरवलं, शुक्रवारी पहाटे, गारव्यात करायचं.

पण यंत्र शुक्रवारपर्यंत थांबलं नाही. सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या दुपारी, आमच्या दारात भुतांच्या नैवेद्याचं टेबल मांडलेलं असताना ते गोठलं. चालू केलं, पुन्हा गोठलं. तिसऱ्यांदा तर पंखे फिरायच्या आधीच. नशीब की छिउ-यिंग शेजारच्याच गावात होती. ती आली तेव्हा तिसऱ्या पॉलीहाऊसमधून गरम वाफ यायला लागली होती.

"काका, आता पहाटेची वाट बघता येणार नाही," ती म्हणाली. "करू का?"

दाजींनी दाराकडे पाहिलं. पौर्णिमेच्या दिवशी यंत्र उघडायचं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी मान हलवली आणि उदबत्त्या लावायला निघून गेले.

तिनं पेनड्राईव्ह लावला, फाईलचं नाव मोठ्यानं दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. पट्टी निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात खालचा यूपीएस, वीज गेली तरी यंत्र चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, किंचाळायला लागला.

सर्व्हरला हात लावायचा नाही, वीजही जाऊ द्यायची नाही, आणि तो डबा ओझं झेपत नाही म्हणून बोंबलतोय. छिउ-यिंग गुडघ्यांवर बसली आणि एकेक वायर हातानं चाचपत निघाली. एक जाडजूड वायर खिडकीतून बाहेर गेली होती, थेट नैवेद्याच्या टेबलापर्यंत. तिच्या टोकाला विजेचं भांडं, त्यात बांबूच्या कोंबांचा रस्सा उकळत होता. दाजींनी मघाशीच लावलं होतं. यूपीएसची वीज कधी जात नाही, मग पाहुण्या भुतांचा रस्सा थंड होणार नाही, हे त्यांचं डोकं.

दाजी खिडकीत आले. "तो काढू नकोस, पोरी. आजच्या दिवशी त्यांना थंड वाढलं तर कोपतात."

"काका, त्यांना घाई नाही. या झाडांना आहे."

तिनं प्लग उपटला. किंचाळणं थांबलं. पट्टी तशीच सरकत होती. मी मनातल्या मनात अक्काला हाका मारत होते.

पट्टी भरली. यंत्र बंद झालं, पुन्हा जागं झालं आणि पडद्यावर लिहून आलं की डिस्क सापडत नाहीत. संपलं, असंच वाटलं मला. छिउ-यिंगनं मात्र मोबाईल काढला, फोटो बघत एक सेटिंग बदललं, मग दुसरं. घाईत एक बटण चुकलं आणि तिनं स्वतःलाच शिवी हासडली. पुन्हा चालू केलं. बराच वेळ काहीच नाही. मग लांबून घरघर आली. आधी पहिल्या पॉलीहाऊसची, मग दुसऱ्याची. सगळ्यात शेवटी तिसऱ्याची.

दाजी आत जाईनात. दाराकडे पाठ करून उभे राहिले. म्हणून मीच गेले. झाडं माना टाकून पडली होती, पानं तापलेली. मी एकेका झाडाचं खोड बोटांनी दाबून पाहिलं. सगळी घट्ट लागली.

"बोल," दाजी बाहेरून म्हणाले.

"यंदाच्या कळ्या गळतील. झाडं आहेत."

ते पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. अक्का गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

उदबत्त्या जळून गेल्यावर नैवेद्य खायचा असतो. छिउ-यिंग पायरीवर त्यांच्या शेजारी बसून तो गारढोण रस्सा प्यायली. दाजी डोळे पुसत उठले, म्हणाले, थांब, गरम करून आणतो.

"नको काका," ती म्हणाली. "आज कशाचाच प्लग लावू नका. आणि मीठ कमी आहे."