शंभर मार्क आणि सरांचा टेम्पो

जपानमधल्या कुरायोशीच्या वाणिज्य हायस्कुलात योनेहारा सर एकतीस वर्षं व्यापारी कायदा आणि हिशेब शिकवत होते. पोरं त्यांना माघारी 'कलम सर' म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. शाळेच्या खानावळीत उदोनचा, जाड शेवयांचा, वाडगा गार आला, तर सर तक्रार करत नसत. करार नेमका कुठे मोडला, ते वाढणाऱ्या बाईंना समजावून सांगत. लग्नाची मागणी घालताना त्यांनी "होकार-नकार किती दिवसांत कळवाल?" असं विचारलं होतं, हे त्यांच्या पत्नी मुत्सुकोबाई अजूनही शेजारणींना रंगवून सांगत.

सरांच्या पेपरात अठ्ठ्याऐंशीच्या वर कधी कुणी गेलं नव्हतं. एप्रिलमधल्या एका दुपारी, जेवणानंतर पेंगणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला जागं करायला ते म्हणून गेले, "जुलैत कुणी शंभरपैकी शंभर आणले, तर मी रोज शाळेत आणतो तो टेम्पो त्याला देऊन टाकीन."

वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरची इनादा चिनात्सु तेवढी हसली नाही.

चिनात्सुच्या घरी नाशपातीची बाग होती. कायद्यात तिला चाळिशीपुढे मार्क ठाऊक नव्हते. त्याच वसंतात तिच्या वडिलांच्या, शिगेकींच्या, टेम्पोनं मान टाकली होती. फळं उतरवायच्या वेळी शेजाऱ्यापुढे हात पसरायचा, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

जुलैत सरांनी तिचा पेपर तीनदा तपासला. चूक सापडेना. भागीदारी सोडून गेलेल्या माणसावर जुन्या देण्यांची जबाबदारी किती, या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर तिनं सरांपेक्षा सरस लिहिलं होतं.

मार्क कळले त्याच दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"सर, टेम्पो कधी न्यायला येऊ?"

"अगं, ती थट्टा होती."

"मनात नसलं तरी बोललेला शब्द बांधतो, सर. ऐकणाऱ्याला थट्टा कळली असेल, किंवा कळायला हवी होती, तरच सुटका. तुम्हीच शिकवलंत."

"मग तुला नाही कळली?"

"तीन महिने पहाटे उठून अभ्यास केला मी. थट्टेसाठी कोण उठतं?"

सरांनी शेवटचा डाव टाकला. नुसतं तोंडी कबूल केलेली भेट देणाऱ्याला मागे घेता येते, म्हणाले. चिनात्सु त्याचीच वाट बघत होती. भेट कसली, तिनं विचारलं. अट घालून लावलेलं बक्षीस आहे, आणि अट तर तिनं पुरी केली. शेजारच्या टेबलावरचे गणिताचे सर चहा प्यायचे थांबले. योनेहारा सरांना हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांचे कानच आनंदानं लाल झाले.

घरी मुत्सुकोबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सही करण्याआधी वाचा, हे एकतीस वर्षं शिकवलंत," त्या म्हणाल्या, "बोलण्याआधी काय करायचं, ते शिकायचं राहिलं वाटतं."

रविवारी शिगेकी लेकीला घेऊन, लोणच्याची बरणी काखोटीला मारून दारात हजर झाले आणि कमरेत वाकून माफी मागू लागले. पोरीला तोंड फार आहे, टेम्पो आम्हाला नको, म्हणाले. शिवाय ती सतरा वर्षांची, बापाच्या शिक्क्याशिवाय काही होत नाही.

"बाबा, ज्यात नुसता फायदाच आहे, त्याला आईबापांची परवानगी लागत नाही," चिनात्सु म्हणाली.

सरांना राहवेना. "टेम्पोबरोबर कर येतो, विमा येतो. नुसता फायदा नाही हा. परवानगी लागेल."

"सर, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"कलमाच्या."

शिगेकी जिंकले, पण जाता जाता त्यांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकावर हळूच थाप दिली. सरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. ते आत जाऊन वही घेऊन आले. टेम्पो एकोणीस वर्षांचा होता. दर वर्षी किती घसारा धरला, कोणत्या साली किंमत संपली, सगळं त्यांनी बोटानं दाखवलं.

"म्हणजे किंमत शून्य?" शिगेकींनी विचारलं.

"एक येन. वस्तू अजून आहे, याची आठवण म्हणून वहीत तेवढा ठेवायचा."

शिगेकींनी खिसे चाचपले, एक येनचं नाणं काढलं आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरलं. फुकट घ्यायला नको म्हणणारा माणूस विकत घ्यायला लगेच तयार झाला. शिगेकींचा शिक्का कागदावर उमटला. मुत्सुकोबाईंनी चहा आणला. बक्षिसाची विक्री झाली म्हणून चिनात्सु जरा खट्टू होती; तिला सरांनी रीतसर पावती लिहून दिली.

टेम्पो गेला आणि सर सायकलवर आले. पहिला आठवडा शाळेच्या चढावर त्यांना रोज दोनदा उतरावं लागलं.

सप्टेंबरात शिगेकींनी त्यांना बागेत बोलावलं. एका नव्या व्यापाऱ्यानं करार पाठवला होता आणि चिनात्सुनं त्यातल्या पाच ओळींखाली लाल रेघा मारल्या होत्या. नाशपातीच्या पेटीवर बसून सरांनी चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं आणि खिशातली पेन्सिल काढून सहाव्या ओळीखाली रेघ मारली.

"ही राहिली," ते म्हणाले, आणि तिनं सोलून दिलेली फोड मोठ्या समाधानानं तोंडात टाकली.