उशीर लागलेले शब्द

मानसशास्त्र घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच मला सगळ्यांची मनं दिसू लागली होती. वडील तहसील कचेरीत कारकून. ते जेवताना गप्प बसले की मी त्याला दमन म्हणायची. आई दाराची कडी दोनदा तपासायची, तर तिला मी एक आजारच बहाल करून टाकला. घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं, त्यामुळे माझं चांगलंच फावलं. आता मी हाच विषय शिकवते आणि दरवर्षी पुढच्या बाकावर असं एखादं ध्यान बसलेलं असतंच. त्याला पाहिलं की मला विदर्भातल्या आर्वीच्या कॉलेजातली माझी जोडीदारीण आठवते, आणि अजूनही लाज वाटते.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या जोड्या हजेरीच्या क्रमांकानं लागत. एकीनं प्रयोग घ्यायचा, दुसरीवर तो व्हायचा. जिच्यावर होतो तिला पुस्तकात ‘प्रयुक्त’ म्हणतात. माझ्या वाट्याला आलेली मुलगी वसतिगृहात राहायची. तिचं गाव जंगलाला लागून होतं आणि घरी सगळे गोंडी बोलत. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी राहून फोनवर मायशी बोलायची, इतकी भरभर की मी डबा उघडून तिची वाट पाहत बसायची. महिनाभर आम्ही एकाच डब्यात जेवत होतो.

प्रयोग होता शब्द-साहचर्याचा. मी एक शब्द म्हणायचा, तिनं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा आणि मधला वेळ मी मोबाइलवर मोजायचा. जिथे उशीर होतो तिथे मनात काहीतरी अडलेलं असतं, असं पुस्तकात होतं. तिला जवळजवळ प्रत्येक शब्दाला उशीर झाला. पाणी, घर, आई, रस्ता. मी मनातून खूश. बाकीच्या जोड्या सीनियरच्या जर्नलमधले आकडे उतरवून मोकळ्या झाल्या होत्या आणि माझ्या हाती मात्र खराखुरा निकाल लागला होता. निष्कर्षात मी झोकात लिहिलं की प्रयुक्ताच्या मनात घर आणि आई यांविषयी खोल संघर्ष आहे आणि ती तो दडपते.

चांगलं जर्नल वर्गात वाचून दाखवायची मॅडमना सवय होती. त्यांनी माझं वाचलं. नाव घेतलं नाही, पण आमची जोडी सगळ्यांनाच ठाऊक होती. मागे खसखस पिकली. मी कौतुकाच्या धुंदीत होते, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला ‘संघर्ष’ म्हणायला लागली. ती प्रात्यक्षिकाला आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की तिनं विषय बदलायचा अर्ज आणलाय आणि शनिवार ही शेवटची तारीख आहे.

मी वसतिगृहावर गेले तेव्हा ती नळावर कपडे धूत होती. मी आधी शहाणपणाच करून पाहिला, म्हटलं, संघर्ष सगळ्यांच्याच मनात असतो. तिनं हातातला कपडा बादलीत टाकला.

“तू म्हणे पाणी. मले पहिले आमचं येर आठवे. मंग त्याच्या मागून जे येईल ते, अन् मंग त्याले मराठीत आणा. तेवढं जाऊन येईपर्यंत तुह्यं घड्याळ पळे. त्यात माह्या मायले काऊन आणलं तू?”

रोज जिचं गोंडी ऐकत मी जेवणासाठी ताटकळायची, तिला ज्या क्षणी प्रयुक्त केलं त्या क्षणी मी ते साफ विसरले होते. घरी जाताना मला स्वतःचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. मग त्या वर्गात उभ्या राहून म्हणाल्या की तो निकाल चुकीचा होता आणि वाचायच्या आधी आपण तिला विचारायला हवं होतं. प्रयोग पुन्हा करायचा की नाही, हे त्यांनी तिच्यावर सोपवलं. तिनं एकच अट घातली, शब्द गोंडीत हवेत. अर्ज मात्र तिनं फाडला नाही, वहीत ठेवला.

प्रयुक्तानं यादी आधी पाहायची नसते. म्हणून शुक्रवारी तिच्याकडून नंबर घेऊन मी तिच्या मायला फोन लावला. जिच्याविषयी मी ते सगळं लिहिलं होतं, त्या बाईनं मला वीस शब्द सांगितले. मी ते देवनागरीत उतरवून म्हणून दाखवले की ती हसायची आणि पुन्हा सांगायची. ‘शाळा’ या शब्दाला मात्र ती म्हणाली की आम्ही शाळाच म्हणतो. फोन ठेवताना तिनं विचारलं, जेवली का बाई तू?

शनिवारी सकाळी आम्ही रिकाम्या प्रयोगशाळेत बसलो. माझे उच्चार ऐकून ती दोनदा हसली, पण उत्तरं अशी यायची की माझं बोट घड्याळावर पोचायच्या आत शब्द पडलेला. पाणी, घर, आई, रस्ता, कशालाच उशीर नाही. मग मी म्हटलं, शाळा.

ती थांबली. घड्याळ चालत राहिलं. आधीच्या वेळी याच शब्दाला तिनं लगेच ‘पुस्तक’ म्हटलं होतं. या वेळी मी काही विचारलं नाही, नुसती बसून राहिले.

“पहिलीत मी वर्षभर बोललीच नाई,” ती म्हणाली. “गुरुजी काय म्हणत ते समजेच ना. त्यायनं मायले बोलावून सांगतलं, पोरगी मुकी हाय. माय घरी येऊन रडली.”

गुरुजींनीही घड्याळ लावल्यासारखं तिचं गप्प राहणं मोजलं होतं आणि निष्कर्ष काढून मोकळे झाले होते. त्यांच्यात आणि माझ्यात काडीचा फरक नव्हता. मी जर्नल पुढे ओढलं, पण पेन चालेना. तिलाच विचारलं, हे लिहू का?

“लिही,” ती म्हणाली. “पण पहिले मले वाचून दाखव.”

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं दोन ओळी खोडायला लावल्या. मी खोडल्या. अर्ज त्या दिवशी तिच्या वहीतच राहिला.