सरांनी खाल्लेले दहा

उत्तरपत्रिका ते कधी सरळ हातात देत नसत. दोन बोटांनी तिचा कोपरा धरायचे, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी ती आपल्यासमोर लोंबकळत ठेवायचे आणि म्हणायचे, "इथंच रडून घ्या. बोर्डात रडायला वेळ मिळत न्हाय."

असे एक सर तुमच्याही शाळेत असणारच. आमचे गणिताचे होते. बाराही महिने राखाडी सफारी, खिशाला दोन लाल पेनं, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कुणीतरी त्यांना चुकीचं उत्तर सांगून गेलंय. मला ते अजिबात आवडत नसत. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, पोरीला सरांबद्दल फार आदर दिसतोय.

वही तपासायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. गणिताकडं ते बघतच नसत. आधी खाकी कव्हर बघायचे, मग लेबल, मग समास. समास लाल रेघेचा आणि दोन्ही बाजूंना हवा. सुट्टीत बसून मी भूमितीची चाळीस गणितं सोडवली होती, एकही चुकलेलं नव्हतं. त्यांनी वही उघडली, पेन्सिलीचा समास बघितला आणि वही मिटली.

"समास न्हाय, तर गणित बी न्हाय."

"सर, उत्तरं बरोबर हाईत की."

"उत्तरं तर मागं पुस्तकात बी हाईत."

त्या दिवसापासून मी त्यांना मनात 'समासमास्तर' म्हणायला लागले. वर्गात ते नाव चाललं नाही, कारण त्याहून वाईट नावं आधीच चालू होती.

प्रकल्पांची तर तऱ्हाच वेगळी. काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंवरचे तीन चौरस, हे थर्मोकोलचं मॉडेल आमच्या शाळेत पिढ्यानपिढ्या जमा होत होतं. म्हणजे तेच एक मॉडेल. कपाटावर पडलेलं असायचं. ज्याला जमायचं नाही तो ते उतरवायचा, वर आपल्या नावाची चिठ्ठी डकवायचा आणि सरांपुढं ठेवायचा. माझ्या वेळी मी चिठ्ठीचा कोपरा सोलून बघितला, तर खाली सात नावं होती. सर ते मॉडेल दर वर्षी बघत होते. न ओळखायला ते आंधळे नव्हते.

"नाव सरळ चिकटवलंस न्हवं? मग झालं," एवढंच ते म्हणाले आणि वीसपैकी अठरा दिले. अठरा सगळ्यांनाच मिळायचे. ज्यानं महिनाभर खपून खरंच काही केलं त्यालाही अठरा. मला याचा फार संताप यायचा.

मात्र लेखी परीक्षा आली की हाच माणूस कसाई व्हायचा. निदान आमची सगळी मंगळवार पेठ तसं मानायची. दहावीच्या सराव परीक्षेत सर प्रत्येकाचे दहा गुण कापतात, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. वर्गात ते स्वतःच म्हणायचे, "माझे चाळीस म्हणजे बोर्डाचे पन्नास." पालक सभेत एखाद्यानं दबकत विचारलं, "सर, दहा कापलेत न्हवं?" की ते चष्मा वर सरकवायचे. "मी कसा हाय, तुम्हास्नी म्हाईत हाय की."

आणि खरंच, बोर्डाचा निकाल लागला की पोरांचे आठ-दहा गुण वाढलेले असायचे. मग शंका घ्यायची कुणी?

त्यामुळं पेठेत घरोघरी बेरीज चालायची. आमच्या पप्पांची बेरीज पेन्सिलीनं असायची. सराव परीक्षेचं गुणपत्रक हातात आलं की ते चष्मा लावायचे, गणितापुढं बारीक अक्षरात 'अधिक दहा' लिहायचे, आणि मग ते बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवायचे. मला ऐंशीपैकी अठ्ठेचाळीस पडले होते. पप्पा आईला म्हणाले, "अठ्ठावन्न पडल्यात पोरीला. मास्तर हलकट हाय म्हणून अठ्ठेचाळीस दिसालेत."

माझ्या बाकावरच्या रेश्माला एकवीस पडले. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. यंत्राच्या घरघरीत बोलून बोलून त्यांचा आवाज मोठा झालेला, आणि पोरीवर हातही चटकन उठायचा. गुणपत्रक दाखवायला ती मला सोबत घेऊन गिरणीत गेली. त्यांनी एकवीस वाचले, हात वर गेला, आणि तिथंच थांबला. "दहा धरले तर ऐंशीत एकतीस. पास हाय की गं!" म्हणत त्यांनी पिठाचा हात तिच्या डोक्यावर फिरवला. रेश्मा घरी येईपर्यंत डोकं झाडत होती आणि सरांना शिव्या देत होती.

ते लॉकडाऊनचं वर्ष होतं. थोडे दिवस शाळा भरली, तोंडाला मास्क बांधून आम्ही सराव परीक्षा दिली आणि शाळा परत बंद झाली. मग बातमी आली की बोर्डाची परीक्षाच रद्द. शाळेत पडलेल्या गुणांवरच निकाल लागणार.

पोरांनी गल्लीत उड्या मारल्या. आमच्या घरात मात्र पप्पा फोटोखालून गुणपत्रक काढून बसले होते. मला डिप्लोमा करायचा होता, तोही कॉम्प्युटरचा आणि सरकारी कॉलेजात. तिथले प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. पप्पांच्या हिशेबात ते पेन्सिलीचे दहा धरून मला जागा मिळत होती, आणि न धरता मिळत नव्हती. इतकं साधं होतं सगळं.

दोन दिवसांनी पेठेतले पालक शाळेच्या मैदानात जमले. सर व्हरांड्यात आले. पप्पांनी हात जोडले. "सर, आता तरी पोरांचे दहा परत द्या."

"दहा न्हाईत," सर म्हणाले.

"न्हाईत म्हंजे?" रेश्माचे वडील गरजले.

"न्हाईत म्हंजे न्हाईत." आणि ते आत निघून गेले.

माझ्या पप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले होते. ते बघून मला सरांची जी किळस आली, ती आधी कधीच आली नव्हती. आयुष्यभर समास मोजलेला माणूस. पोरांचं आयुष्य समोर आलं तरी स्वतःची ऐट सोडवत नाही. मी ठरवलं, यांना पकडायचं. पुराव्यासकट.

आमच्या उत्तरपत्रिका आमच्याकडंच होत्या. सरांनीच आमच्या ग्रुपवर नमुना उत्तरं टाकलेली, कुठल्या पायरीला किती गुण ते लिहून. आजवर ती कुणी उघडलीही नसतील. मी उघडली. दुपारी जेवण झाल्यावर बसले आणि एकेक पायरी लावून बघायला लागले. सूत्राला अर्धा, मांडणीला एक, एकक लिहिलं नाही तर अर्धा वजा. कुठं कापलाय ते दिसलं की भोवती गोल करायचा, म्हणून हिरवं पेन घेतलं होतं.

एकही गोल झाला नाही. बेरीज अठ्ठेचाळीस.

परत केली. अठ्ठेचाळीसच. मग रेश्माकडून तिची उत्तरपत्रिका मागून आणली. पाच वाजेपर्यंत तिचीही मोजली. एकवीस. अर्ध्या गुणाचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही उत्तरपत्रिका घेऊन शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत ते एकटेच होते, मास्क हनुवटीवर ओढून निकालाचे तक्ते भरत.

"सर, मी मोजलं. माझा पेपर आणि रेश्माचा बी. तुम्ही काहीच कापलेलं न्हाय."

त्यांनी दाराकडं बघितलं. "हळू बोल."

"मग दहा कुठं हाईत?"

"न्हाईत म्हणून सांगितलं की मैदानात. कुणी ऐकलं?"

मी दोन्ही उत्तरपत्रिका त्यांच्या तक्त्यांवर ठेवल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"लई वर्सं झाली. एक बाप ह्या व्हरांड्यात पट्टा काढून उभा राहिलता. पोरगं थरथर कापालतं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, अवो, दहा मी कापल्यात त्याचे. पट्टा परत कमरेला गेला. फुडच्या वर्षी चार बाप विचारत आले, आमच्या बी पोराचे कापलासा न्हवं? मग सुटंना ते."

"पण बोर्डात वाढायचे की दहा."

"ते तुम्ही वाढवायचासा. दोन महिनं माझ्यावर खार खाऊन अभ्यास करायचासा, मग वाढणार न्हाईत तर काय? यंदा ते दोन महिनंच मिळाले न्हाईत. त्याला मी काय करू?" मग म्हणाले, "आणि खोटं कशाला बोलू, बरं बी वाटायचं. गल्लीतनं चाललो की लोक गप बसायची."

आलेला राग कुठं ठेवायचा ते कळेना. मी म्हणाले, "मग हे सगळ्यांना सांगा की."

"सांगतो की. पयला कुणाला सांगू? रेश्माच्या बापाला?"

पिठाचा तो हात मला आठवला.

त्यांनी माझी उत्तरपत्रिका उचलली, पण लोंबकळत धरली नाही. दोन्ही हातांनी सरळ करून माझ्यापुढं ठेवली. "अठ्ठेचाळीस तुझे सोताचे हाईत. कुणी दिल्यालं न्हाईत. जा आता."

"येतो सर," म्हणून मी निघाले.

गल्लीच्या तोंडाशी पप्पा, रेश्माचे वडील आणि आणखी पाचसहाजण उभे होते. मी शाळेत गेलते हे त्यांना कळलं होतं.

"काय म्हणाला गं मास्तर?"

त्या क्षणी खरं सांगायला फक्त एक वाक्य लागलं असतं. रेश्मासाठी ते मी गिळलं, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. पप्पा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती अठ्ठावन्नवाल्या पोरीकडं बघायची नजर होती. मला ती सोडवेना.

"देत न्हाय म्हणाले," मी सांगितलं. वर एक शिवीही घातली. एरवी पप्पांनी माझ्या मुस्काटात दिली असती. त्या दिवशी ते हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मुख्याध्यापिकांकडं तक्रार अर्ज द्यायचं ठरलं. पेठेत माझं अक्षर चांगलं म्हणून तो मला लिहायला लावला. 'सदर शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दहा गुण हेतुपुरस्सर कापले आहेत.' मी हे माझ्या हातानं लिहिलं. कडा कोऱ्या बऱ्या दिसेनात, म्हणून सवयीनं दोन्ही बाजूंना लाल समासही आखला. पप्पांनी पहिली सही केली.

मुख्याध्यापिकांनी एकही उत्तरपत्रिका मागवली नाही. दहा कापले जातात हे त्यांनाही पूर्वीपासून माहीतच होतं. सरांना लेखी ताकीद मिळाली; गुणांचे तक्ते मात्र तोवर बोर्डाकडं गेले होते. महिन्याभरात ते निवृत्त झाले. ना हार, ना नारळ, ना भाषण. अर्ज त्यांच्यापुढं ठेवला तेव्हा काय झालं ते शाळेच्या शिपाईमामांनी मला नंतर सांगितलं. सरांनी तो दोनदा वाचला, आपल्या बाजूनं एक अक्षर बोलले नाहीत. परत देताना फक्त म्हणाले, "समास झ्याक आखलाय."

मला कॉम्प्युटर मिळालं नाही, सिव्हिल मिळालं. आता मी टेप घेऊन लोकांच्या भिंती मोजते आणि मोजमापाच्या वहीला लाल समास आखते. सर निवृत्तीनंतर मुरगूडला आपल्या गावी राहायला गेले. एकदा जाऊन यावं असं पुष्कळदा वाटलं. सात नावांच्या त्या मॉडेलवर सगळ्यांना सारखेच अठरा का दिलेत, एवढं तरी विचारायचं होतं. सांगायचंही होतं काहीतरी. पण तोंड कसं दाखवायचं, या लाजेपायी गेले नाही.

गेल्या महिन्यात सर वारल्याचं कळलं. पप्पा जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला आणि बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं. ते गुणपत्रक अजून तिथंच आहे, पेन्सिलीचे दहा आता पुसट झालेत.

"वाईट झालं," पप्पा म्हणाले. "पण माझ्या पोरीचे दहा खाल्ले त्यानं. न्हाईतर आज तू कुठल्या कुठं असतीस."

आई माझ्याकडं बघत होती. मी पप्पांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"व्हय पप्पा," मी म्हणाले. "खाल्ले त्यांनी."