लाल ठिपक्याच्या चकत्या

लोक म्हणतात, सुमन घर सोडून गेली. काय पण! घर सोडायला आधी घर जागेवर तर पाहिजे. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की फुलंब्रीच्या अलीकडची आमची वस्ती दोन दिवसांत मोकळी होते. त्या सकाळीही तेच झालं. तट्टावर भांडीकुंडी, पालाचं कापड, टोपलीत कोंबड्या आणि चार दिवसांची कोकरं, असं सगळं गोदावरीच्या अंगाला निघालं, आणि मी शहरातल्या कंपनीत कामाला जायला कापडी पिशवी घेऊन काळी-पिवळी जीपची वाट बघत डांबरी सडकेवर उभी. आता सोडून कोण गेलं, ते तुम्हीच सांगा.

मायनं पिशवीत भाकरी न् शेंगदाण्याची चटणी बांधली होती. "कुणी काही बोललं तर लगेच रडू नको," ती म्हणाली, "खोलीवर जाऊन रड." एवढं बोलून ती स्वतःच सडकेवर रडायला लागली.

आबा मात्र कळप हाकत निघाले. माझ्या अंगावरून सगळा कळप पुढं गेला, मागून ते गेले, आणि वीस पावलांवरून परत वळले. मला तेच नको होतं. गेली दोन वर्षं आबांची नजर अधू झाली होती. कोण लंगडतंय, कुणाच्या तोंडाला फोड आलीय, कोणतं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे मी बघायची आणि ते ऐकायचे. बारावी झाले तरी माझं खरं काम तेच होतं.

"तू चाललीस म्हंजी माझा डोळाच चालला," ते म्हणाले. मग काठी दुसऱ्या हातात घेतली. "आखितीला आमी माघारी येऊ. तवर तिथं टिकलीस तर टिकलीस. नाय तर पुढल्या दिवाळीला गुमान काठी घ्यायची न् कळपाम्होरं व्हायचं. हाय कबूल?"

मी व्हय म्हणाले. आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, सहा महिने लांब. तेवढ्यात काळी-पिवळी आली आणि मी दहावी सवारी म्हणून कोंबली गेले.

वस्तीवरच्यांनो, आणि पुण्या-सुरतेला गेलेल्या माझ्या चुलत-मावस भावंडांनो, तुम्ही दर खेपेला विचारता की कंपनीत मी करते तरी काय. एकदाच सविस्तर सांगते, मग पुन्हा विचारायचं नाही.

आमच्या कंपनीत आधी मोटरसायकलचे मडगार्ड आणि बॅटरीची झाकणं व्हायची. मग परदेशातली एक ऑर्डर आली, चकत्यांची. तिकडं डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे. मोठ्या रानात दूर-दूर लोखंडी टोपल्या रोवलेल्या, टोपलीवर साखळ्या लोंबतात, आणि लांबून चकती फेकून त्या साखळ्यांत पाडायची. कमी फेकीत पाडेल तो जिंकला. पहिल्यांदा आबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ओरडणारी मेंढरं गप्प केली. मग आबा म्हणाले, "ताटल्या फेकत्यात? आन् आणायला कोण जातं?" म्हटलं, ज्यानं फेकली तोच. "मंग फेकतंय कशाला येडं!"

येडं म्हणा नाहीतर शहाणं, त्या ताटलीचं काम लई नाजूक असतं बरं का. प्लॅस्टिकचा दाणा आधी वाळवायचा, तो मशीनमध्ये वितळतो, साच्यात दाबानं शिरतो, आणि साचा उघडला की गरम चकती हातात. दाणा ओला राहिला तर अंगावर चंदेरी रेघा उठतात. साचा नीट मिटला नाही तर कडेला पापडी सुटते, तिला फ्लॅश म्हणायचं. घाईत काढली तर थंड होताना वाकडी होते. असली चकती उडते, पण सांगितलेल्या वाटेनं उडत नाही. म्हणून ती सेकंड. सेकंडचा माल दळणयंत्रात जातो, त्याचा पुन्हा दाणा होतो.

पहिले दोन आठवडे मी नुसत्या चकत्या उचलून ठेवत होते. आमच्या लाइनची मुख्य होती रेहाना आपा, शहागंजची, जीभ तिखट न् हात मायेचा. तिच्या डब्यातला खिमा आणि माझी चटणी यांची अदलाबदल पहिल्याच दिवशी ठरून गेली. एकदा मी सहज एक चकती उचलली आणि म्हणाले, "ही हलकी आहे." आपानं काट्यावर टाकली, खरंच हलकी निघाली. दुसरी दिली. मी म्हटलं, ही बरोबर. तीही खरी. "अगे, तेरे हाथ में काटा बैठेला क्या?" आपा म्हणाली. आता काय सांगणार? रोज सकाळी कोकरं उचलून कुणाचं पोट भरलंय ते ओळखणाऱ्या हाताला ह्यात काय अवघड? आपानं मला तपासणीच्या टेबलावर बसवलं.

आणि तिथंच माती खाल्ली मी.

त्या टेबलावरच्या पहिल्याच सकाळी आपानं लाल मार्कर हातात दिला. "देख-देख के निशान लगा. निशानवाले अलग, बिगर निशानवाले अलग." एवढ्यात दोन नंबरच्या मशीनचा साचा अडकला म्हणून ती तिकडं धावली. आणि मला तरी विचारायचं काय होतं? सगळं तर माहीत होतं! आमच्याकडं कळपाची निवड करतात, तेव्हा खूण कुणाला करतात? जी मेंढी ठेवायची तिला. चांगली, धडधाकट, आपली, तिच्या पाठीवर गेरूचा ठिपका. जी बाजारात काढायची ती बिनखुणेची. जन्मापासून मी हेच बघितलं. तेव्हा मी एकेक चकती उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि जी निर्दोष निघाली तिच्या पाठीवर प्रेमानं लाल ठिपका दिला. दिवसभर. एकही चुकवली नाही. वर स्वतःवर खूश, की बघा, कसं हातोहात काम उरकलं.

दुसऱ्या सकाळी रेहाना आपा दळणयंत्रापाशी उभी होती. शेजारी सेकंडच्या पोत्यांची रास. कंपनीत ठिपका म्हणजे बाद माल; पॅकिंगवाल्यांना वाटलं होतं मशीन बिघडलंय, म्हणून एवढा माल बाद. ठिपक्याच्या चकत्या त्यांनी पोत्यात भरल्या आणि बिनठिपक्याच्या, म्हणजे वाकड्या, रेघाळलेल्या, पापडी सुटलेल्या, आदल्या पाळीच्या चांगल्या मालात मिसळून खोक्यांत बंद केल्या. आपानं एक चकती उचलली, उलटी केली, सुलटी केली, आणि माझ्याकडं बघितलं.

"सुमन, ये क्या करी तू?"

मी सांगितलं. मेंढ्या, गेरू, निवड, सगळं. आपाला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. कंपनीच्या साहेबांना मात्र बरोबर कळलं. ते आले, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "दुपारी तीनला ट्रक लागतोय. वाकडा माल तिकडं गेला तर पुढची ऑर्डर विसरायची. तू उद्यापासून येऊ नकोस."

मायनं सांगितलं होतं, खोलीवर जाऊन रड. पण खोली लांब होती आणि डोळ्यांपुढं आबांची काठी दिसत होती. टिकलीस तर टिकलीस. आखिती यायला अजून पाच महिने होते आणि मी तीन आठवड्यांत माघारी! आबा रागावले नसते. ते नुसते बरं म्हणाले असते, काठी पुढं केली असती, आणि मी जन्मभर ती घेऊन चालले असते. मला मेंढरांचा कंटाळा नव्हता हो. पण एकदा तरी मला माझ्या पायावर कुठंतरी पोचून बघायचं होतं.

"साहेब, उद्यापासून येत नाही," मी म्हणाले. "पण आज तीनपर्यंत मला खोकी फोडू द्या. सरमिसळ झालेल्या कळपातनं मी माझी मेंढरं काढते, ही तर नुसत्या ताटल्या."

साहेब काही बोलायच्या आत आपानं पहिल्या खोक्याची टेप फाडली.

मी खाली बसले. आपा उघडायची, मी बघायची, पोरी पुन्हा भरायच्या. आदल्या दिवशी प्रत्येक वाकडीला मी नीट बघितलं होतं ना? ती पिवळी, कडेला नखाएवढी पापडी असलेली, मला ओळखू आली. ती निळी, पोटाशी रेघ असलेली, तीही. तुम्ही हसाल, पण मी मनात त्यांना नावं दिली होती: लंगडी, बोडकी, भुरी. एकेक सापडली की मी तोंडानं "हुर्र" करायची आणि बाजूला फेकायची. आपाही तसंच करायला लागली. शेवटी सगळ्या पोरी हुर्र-हुर्र करत होत्या आणि साहेब दारात उभे राहून बघत होते.

अडीचला शेवटचं खोकं बंद झालं. साहेबांनी स्वतः मधलीच तीन खोकी फोडायला लावली आणि चकती न् चकती काचेवर ठेवून बघितली. एकही वाकडी निघाली नाही. तिसऱ्या खोक्यानंतर ते म्हणाले, "उद्या वेळेवर ये." आणि जाताना आपाला म्हणाले, "हिला मार्कर देऊ नका."

राहिल्या ठिपक्याच्या चकत्या. चांगल्या म्हणजे इतक्या चांगल्या, की त्यांना बघून जीव हळहळायचा. पण तो रंग त्या प्लॅस्टिकमध्ये मुरतो; पुसायला जावं तर चकाकी जाते. सेकंड ते सेकंड. सगळ्या दळणात जायच्या होत्या. मी साहेबांकडं एक पोतं मागितलं. "घेऊन जा तुझी मेंढरं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

आखितीला मी ते पोतं घेऊन वस्तीवर उतरले. कळप दोनच दिवसांपूर्वी परतला होता. माय माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "वाळलीस गं," आणि मी चांगली जाड झाले होते. आबा लिंबाखाली बसले होते. मी ठरवलं होतं, चूक आपल्या तोंडानं सांगायची. पोतं त्यांच्यापुढं ओतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, बघ, म्हटलं नव्हतं?

आबांनी एक चकती डोळ्यांजवळ नेली, पार नाकाला टेकेपर्यंत. तो लाल ठिपका त्यांना दिसला. आणि आबा हसायला लागले. असं हसले की ठसका लागला, मायनं पाणी आणलं, ते पाणी पिता-पिता पुन्हा हसले. "अगं, समद्या कंपनीला आपली खूण घालून आलीस की गं तू!"

मग काय, त्यांना आवरता येईना. जन्मभर गोफण फिरवलेला हात तो. पहिली चकती बाभळीत अडकली. दुसरी तट्टाच्या पायात. तिसरी मात्र अशी सुटली, की कळपाच्या डोक्यावरून लांब गेली, पार पलीकडं जाऊन डावीकडं वळली, आणि तिच्याबरोबर म्होरकी मेंढी वळली, म्होरकीमागं सगळा कळप वळला. आबांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ते कान देऊन उभे होते. पायांचा आवाज फिरला तसे ओरडले, "वळली का गं? वळली का?" मी म्हटलं, "वळली आबा, समदी वळली!" त्यांनी अख्खी दुपार तेच केलं. आणि फेकलेल्या ताटल्या आणायला कोण गेलं? येडं मीच.

दिवस कलताना त्यांनी माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं. "त्यात निळं काय हाय?" कंपनीचा ॲप्रन होता, मायला दाखवायला आणलेला. आबांनी तो मांडीवर पसरला. लिंबाच्या बुंध्याशी ठेवलेली गेरूची वाटी ओढली, तेलात बोट बुडवलं, गेरूत बुडवलं, आणि ॲप्रनच्या पाठीवर मधोमध ठिपका दिला.

"आबा, हे काय! तिथं खूण म्हंजी बाद माल."

"तिथं असंल. इथं नाय." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "खूण घातलेलं जितराब कुठंबी चरू दे सुमे, कुणाच्याबी रानात. असतं आपलंच. जा तू."

मग मी खोलीवर जायची वाट न बघता तिथंच रडले. मायचं ऐकलं नाही.

आता मी त्या लाइनची तपासणी बघते. मार्करसुद्धा मिळालाय. नव्या पोरींना पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात, मेंढरंवाल्या येडीची, आणि सांगणारी मीच असते. रेहाना आपा जोडीला असतेच: "देखो, सेकंड पीस है, फिर भी चलरा!" रविवारी आम्ही दोघी शहागंजात बांगड्या बघत फिरतो, घेत काही नाही. वस्तीवर ठिपक्याच्या चकत्यांत कोंबड्या पाणी पितात, माय त्या मडक्यांवर झाकते, आणि आबांनी लिंबाला बैलाच्या जुन्या साखळ्या टांगल्यात. कुठला खेळ ते नीट ठाऊक नाही, पण साखळी वाजली की आपण जिंकलो, एवढं त्यांना पक्कं कळलंय. माझ्या जागी कळपापुढं आता चुलती असते, आणि तिची नजर माझ्यापेक्षा तिखट आहे.

भावंडांनो, तुम्ही फोनवर म्हणता, घर राहिलं कुठं आता? माझं मला विचाराल तर सांगते. कंपनी दर वर्षी नवा ॲप्रन देते. ह्या वर्षीचा परवाच मिळाला, कडक इस्त्रीचा, निळाशार. आपा म्हणाली, घाल की. मी नाही घातला. घडी मोडली नाही, तसाच पिशवीत ठेवलाय. दिवाळीला वस्ती हलायच्या आत मला एकदा आबांसमोर पाठ करून उभं राहायचंय.